हिराबायनं शिकवलेली हाक

हिराबाय कुणालाही ‘ओ दादा’ किंवा ‘ए ताई’ अशी हाक मारत नसे. नाव घेत असे. नाव ठाऊक नसेल तर आधी विचारून घेई, आणि एकदा विचारलेलं नाव ती विसरत नसे. आमच्या गोदामात महिन्यातून एकदा उंदरांचं औषध टाकायला येणारा माणूस, गेटवर कागदांसाठी थांबणारे बिहारचे आणि राजस्थानचे ट्रेलर ड्रायव्हर, सगळे तिला नावानिशी माहीत होते. मी पहिल्या दिवशी तिला ‘मावशी’ म्हटलं तेव्हा तिनं फरशी पुसणं थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“मावशी तर झाडूवाल्या सगल्याच बायांना म्हंतान,” ती म्हणाली. “मना हिराबाय म्हन. तुजं नाव काय?”

“मंजिरी.”

“गाव?”

“मिरज.”

“मंजू, तुजं ते कासव तिकरं मधल्या गल्लीत बोंबलतंय. कवाचं.”

कासव म्हणजे आमचा रोबो. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत होते. आम्ही गोदामात माल वाहणारे रोबो बनवत होतो. गुडघ्याच्याही खाली राहतील असे चपटे, चाकांवर चालणारे. माल रचलेल्या लोखंडी घोडीखाली शिरायचं, ती पाठीवर उचलायची आणि सांगितलेल्या ठिकाणी नेऊन ठेवायची, एवढंच त्यांचं काम. न्हावा शेव्याच्या रस्त्याला लागून एक मोठं गोदाम होतं, कंटेनरमधून उतरलेला माल तिथं साठवत. त्या गोदामानं असे बारा रोबो घेतले होते आणि ते चालते ठेवण्यासाठी मला उरणला पाठवलं होतं. हमालांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात कासव हे नाव देऊन टाकलं होतं.

कासवं आपली वाट आपण शोधत. पण वाटेत प्लॅस्टिकचा तुकडा आला, खोक्यांची पट्टी पडलेली असली, कुणी हातगाडी आडवी लावून चहाला गेलं, की ती थांबत. त्यांना हात नव्हते. मग पाठीवरचा दिवा पिवळा होई आणि आतून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येई, ‘कृपया सहायता करें.’ आमच्या कंपनीचा हिशेब साधा होता. गोदाम माणसांनी भरलेलं आहे, रोबोनं मदत मागितली की जवळचं कुणीतरी येईलच.

कुणीही येत नव्हतं. मी पहिले पंधरा दिवस ते बघत होते. कासव एका जागी उभं राहून सहायता मागत असे आणि दोन्ही बाजूंनी माणसं जात असत. काही जण त्याला पाय लावत. एकानं त्याच्या आवाजाच्या जाळीवर चिकटपट्टी लावली. मी पुण्याला कळवलं तर तिथून उत्तर आलं, आवाज वाढव. वाढवला. दुसऱ्या दिवशी तीन कासवांवर गोणपाट टाकलेलं होतं.

अडलेली कासवं सोडवायची ती फक्त हिराबाय. ते तिचं काम नव्हतं. ठेकेदारानं तिला झाडलोटीसाठी घेतलं होतं. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, त्यावर ठेकेदाराचा करडा कोट, पायांत सेफ्टी बूट. बूट तिला मोठे होते आणि ती ते दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे जपून टाकत चालायची. हातात रुंद दांड्याचा पोछा. कासव थांबलेलं दिसलं की पोछा भिंतीला टेकवायची, कमरेवर हात ठेवून आधी त्याला बघायची, मग वाकून चाकाशी अडकलेलं प्लॅस्टिक ओढून काढायची आणि म्हणायची, “जा. झाला तुजा रस्ता.” कासव निघून जाई. ती ते प्लॅस्टिक घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायची. संध्याकाळी घरी जाताना दोन्ही खिसे फुगलेले असत. त्याचं ती काय करायची ते मी कधी विचारलं नाही.

दुपारी आम्ही मागच्या शेडमध्ये डबा खायचो. तिची तांदळाची भाकर आणि वालाची आमटी, माझी पोळीभाजी. माझी भाजी ती चाखून बघायची आणि दर वेळी म्हणायची, “मीठ कमी.” पन्नाशी कधीच उलटलेली होती. नवरा गेलेला. मुलगा किसन याच गोदामात हमाल होता, सून वैशाली घरी. तिच्या गावचे निम्मे पुरुष इथंच होते. फोर्कलिफ्ट चालवणारा जनार्दन तिचा लांबचा दीर लागायचा, तो तिला वयनी म्हणायचा. गोदाम व्हायच्या आधी तिथं मिठागरं होती आणि हिराबायनं तिथं लग्नाआधीपासून मीठ वाहिलं होतं. हे ती सांगत असे ते हळहळ म्हणून नाही. “ऊन लय व्हतं,” एवढंच म्हणायची. “इकरं सावली तरी हाय.”

एके दिवशी मी वैतागून तिला म्हटलं, “माणसं अशी कशी? एवढं ओरडतंय, कुणालाच ऐकू येत नाही?”

“ऐकू येतं,” ती म्हणाली. “पन ते कोनाला हाक मारतंय?”

“सगळ्यांना.”

“मंग कोन येनार?” तिनं भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. तिला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती खाणं थांबवत असे. “आगरावं मिठाची पाटी भरली ना, तर ती एकटीला डोक्यावं घेता येत न्हाय. कितीबी ताकद असू दे. कमरेपरत येते, फुडं न्हाय. कोनीतरी हात लावायला लागतो. तवा कोनी हाय का गं असं वरडलीस तर एक बाय येनार न्हाय. सगल्यांना वाटतं, दुसरी जाईल. नाव घ्यायचं. ए सोने, हात लाव. नाव घेतलं का ती वलून बगते. एकदा बगितलं का मंग येतेच.”

मी वही काढली. तिला ते आवडलं असावं, कारण ती सावकाश बोलायला लागली.

“जिच्या डोक्यावं पाटी हाय तिला हाक मारायची न्हाय. रिकामी परत येते तिला मारायची. आनि ती येईपरत आपन पाटी अर्धी उचलून धरायची. नुसतं हुबं राह्यलो तं ती म्हनेल, ही काय रानी हाय का.”

त्या दुपारच्या बळावर मी पुढचे दोन महिने काम केलं. प्रत्येक कामगार सकाळी हातातल्या स्कॅनरमध्ये आपलं नाव टाकूनच काम सुरू करायचा, त्यामुळे कोण कुठं आहे आणि कोणाच्या हातात माल नाही हे कासवाला कळू शकत होतं. मी सगळी वाक्यं मराठीत, माझ्याच आवाजात नव्यानं रेकॉर्ड केली. आता कासव अडलं की आधी थोडं मागं यायचं, पुन्हा पुढं जाऊन बघायचं, मग जवळच्या मोकळ्या माणसाचं नाव घ्यायचं. ‘जनार्दन, वाटेत अडथळा आहे. एक मिनिट येऊन बाजूला कराल का?’ त्या माणसाच्या स्कॅनरवर दोन बटणं उमटत. ‘येतो’ आणि ‘नंतर’. नंतर म्हटलं तर कासव त्याला त्रास न देता दुसऱ्याला विचारायचं, दुसरा कुणी नसेल तर थोडं थांबून पुन्हा त्यालाच.

मी हे पहिल्यांदा हिराबायला ऐकवलं तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं.

“अडथला कोन बोलतो?”

“मग काय म्हणायचं?”

“काय हाय ते सांगायचं. पट्टी हाय, खोका हाय.”

“त्याला ते कळत नाही, हिराबाय. समोर काहीतरी आहे एवढंच कळतं.”

“मंग तसंच सांगावं. मना कलत न्हाय काय हाय ते, येऊन बग. न कलायची लाज कसली?”

मी हसले. पुण्याहून वाक्यं मंजूर होऊन आली होती आणि जो रोबो स्वतःच ‘मला कळत नाही’ म्हणतो तो कुणी विकत घेणार नाही हे मला त्या वयातही ठाऊक होतं. अडथळा तसाच राहिला.

नावानं हाक मारल्यावर माणसं खरंच वळून बघायला लागली. पहिले काही दिवस गंमत म्हणून, मग सवयीनं. पण महिन्याभरात पुन्हा ढिलाई दिसायला लागली. मी हिराबायकडे गेले. तिला आश्चर्य वाटलं नाही.

“सोनीनं मना हात लावला तं तिची पाटी भरल्यावं मी जायची,” ती म्हणाली. “ह्यो कवा हात लावनार?”

मी म्हटलं, त्याला हातच नाहीत. दोन दिवसांनी पोछा मारता मारताच तिनं मला थांबवलं आणि गोदामाच्या दुसऱ्या टोकाला बोट केलं. पाण्याचा फिल्टर तिकडे होता. माल उतरवणाऱ्या हमालांना पाणी प्यायला अख्खं गोदाम ओलांडून जावं लागायचं, आणि गेलं की मुकादम ओरडायचा. “कासवं तिकरून रिकामी येतान,” ती म्हणाली. “येता येता पान्याचा कॅन आनला तं त्यांची काय पाठ मोडनार हाय?”

मी कुणाला न विचारता ते सुरू केलं. रिकामं परतणारं कासव फिल्टरपाशी थांबायचं, हिराबाय त्याच्यावर भरलेला कॅन ठेवायची आणि ते प्रत्येक दारापाशी उभं राहत राहत यायचं. हमाल त्याची वाट बघायला लागले. त्यानंतर कासव अडलं आणि कुणी आलं नाही असं क्वचितच झालं. हमालांतला एक जण तर कासवाच्या पाठीवर थाप मारून त्याला वाटेला लावायचा. गोदामात माझे ते सगळ्यात चांगले दिवस होते आणि मला वाटतं हिराबायचेही असावेत. एकदा कासवानं तिलाच हाक मारली. तिच्या हातात स्कॅनर नसल्यामुळे तिचं नाव यादीत नव्हतं, ते मी तिला न सांगता घातलं होतं. ‘हिराबाय, वाटेत अडथळा आहे.’ ती उभी राहिली, आजूबाजूला कुणी ऐकलं का ते तिनं बघितलं आणि मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली.

पुढचं जे झालं ते कुणी वाईट बुद्धीनं केलं असं मी म्हणू शकत नाही. वरच्या ऑफिसला दिसलं की कासवं आता अडून राहत नाहीत. अडून राहत नाहीत म्हणजे आणखी कासवं चालतील आणि माणसं कमी लागतील. त्यांनी आणखी आठ मागवली. पाण्याचा कॅन वाहण्यात कासवांचा वेळ जातो असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तो बंद करायचा मेल मला आला. मी बंद केला. त्या मेलला मी दोन ओळींचं उत्तर देऊ शकले असते. दिलं नाही. दोन महिन्यांनी ठेकेदारानं निम्म्या हमालांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांत किसन होता.

त्या संध्याकाळी मी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होते. किसन तिथं होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “किसन, मला खरंच वाईट वाटतंय.”

“मॅडम, तुमी टेन्शन नका घेऊ,” तो शांतपणे म्हणाला. “तुमचा काय दोष न्हाय. तुमाला कुठं काय येत व्हतं. आमची आयच हुशार.”

तो मुद्दाम मोठ्यानं बोलला नव्हता, पण टपरीवर त्याच्या गावचे पाचसहा जण होते आणि सगळ्यांनी ते ऐकलं. पुढच्या आठवड्यात मला फरक दिसायला लागला. हिराबाय हाका मारायची, माणसं वळायची नाहीत. जनार्दन तिच्याजवळून फोर्कलिफ्ट नेताना हॉर्न देऊन निघून जायचा. गावात तिला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही हे तिनं मला सांगितलं नाही, दुसऱ्या एका बाईकडून कळलं. घरी किसन तिच्याशी बोलत होता, पण वैशालीमार्फत. “आयला सांग, गॅस संपलाय.” आई त्याच खोलीत बसलेली असायची.

मला वाटलं आता तरी ती कासवांना हात लावणार नाही. तिनं ते सोडलं नाही. एकदा मी तिला सरळच विचारलं, “हिराबाय, अजून का करतेस?”

तिनं पोछा पिळला. “अडकलंय ना ते,” ती म्हणाली. “अडकलेलं दिसलं का मना फुडं जाता येत न्हाय. सवय हाय. किसनला वाटतं मी त्याच्या पोटावं पाय दिला. दिलाच असंल. पन मना तवा म्हाईत न्हवतं, मंजू. तुला म्हाईत व्हतं?”

मला माहीत होतं. अगदी पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण आमच्या कंपनीच्या जाहिरातीत पहिलं वाक्य तेच होतं. मी म्हटलं, “नाही.”

मी खोटं बोलतेय हे तिनं ओळखलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर ती शेडमध्ये डबा खायला येईनाशी झाली. चार्जिंगच्या भिंतीमागं एका उलट्या क्रेटवर एकटी बसून खायची. मी दोनदा तिथं जाऊन बसले. तिनं माझी भाजी चाखली नाही.

ती दुपार. मी वरच्या ऑफिसात होते, पुण्याच्या साहेबांबरोबर व्हिडिओवर. चेन्नईकडच्या एका गोदामाची माणसं आमचे रोबो घ्यायचं बघत होती आणि त्यांना माणसांकडून मदत मिळवण्याची आमची पद्धत बघायची होती. माझ्या स्क्रीनच्या एका बाजूला गोदामाचा नकाशा असायचा आणि त्यावर वीस ठिपके. बोलता बोलता सात नंबरचा ठिपका शेवटच्या गल्लीत पिवळा झाला. शेजारी ओळ उमटली, ‘जनार्दनला विचारलं. नंतर.’ मग, ‘जवळ दुसरं कुणी मोकळं नाही.’

मला ते सोयीचं वाटलं. मी तो नकाशा सगळ्यांना दाखवला. म्हटलं, “बघा, आत्ताच एक उदाहरण चालू आहे. माणूस कामात आहे, तो नंतर म्हणाला. आता रोबो कटकट न करता थांबेल आणि पुन्हा विचारेल.” आम्ही सगळे त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिलो. कासवानं पुन्हा विचारलं. पुन्हा ‘नंतर’. चेन्नईच्या बाईंनी विचारलं, “तो चिडत नाही?” मी म्हटलं, “नाही, नावानं आणि सभ्यपणे विचारलं की माणसं चिडत नाहीत.” मग आम्ही दुसऱ्या विषयाकडे गेलो.

मिटिंग संपली तरी सात नंबर पिवळाच होता. मी जिना उतरून शेवटच्या गल्लीकडे निघाले तेव्हाही मला घाई नव्हती. गल्लीच्या तोंडाशी जनार्दनची फोर्कलिफ्ट चालूच ठेवलेली दिसली. आतून माझाच आवाज येत होता. ‘जनार्दन, वाटेत अडथळा आहे. एक मिनिट येऊन बाजूला कराल का?’

हिराबाय कुशीवर पडली होती. पोछा तिच्या अंगाखाली अडकला होता. एक बूट निघाला होता. कासव तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभं होतं, थोडं मागं जात होतं, पुन्हा पुढं येऊन थांबत होतं, मी शिकवलं होतं तसं. तिचे डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. जनार्दन तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला होता आणि तिचा हात धरून म्हणत होता, “वयनी, मी व्हतो. मी इकरंच व्हतो. मना वाटलं प्लॅस्टिक हाय. वयनी, मना वाटलं पट्टी हाय.”

त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि स्ट्रेचरची वाट न बघता गेटपर्यंत पळत नेलं. ती गल्लीतून गेल्यावर कासवाचा दिवा हिरवा झाला. ‘धन्यवाद, जनार्दन,’ असं म्हणून ते आपल्या वाटेनं निघून गेलं.

तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर किसनला म्हणाले की अशा झटक्यात पहिला तास फार मोलाचा असतो. किसननं विचारलं, ती किती वेळ पडली होती. ते फक्त मला सांगता येण्यासारखं होतं, कारण सात नंबर कधी पिवळा झाला ते माझ्याकडे सेकंदापर्यंत नोंदलेलं होतं. तो प्रश्न त्यानं मला विचारला नव्हता. मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते आणि मी बोलले नाही. जनार्दननं मात्र सांगितलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, त्यानं किसनला सांगितलं की मी तीनदा नंतर दाबलं. किसननं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. तो खाली बसला. जनार्दनही त्याच्या शेजारी बसला. त्या दिवसापासून जनार्दन रोज संध्याकाळी हिराबायकडे जाऊन बसायला लागला. तिच्या खाटेचं तोंड दाराकडे करून द्यायचा, दिवेलागणीला उठून जायचा.

मी पुण्याला सविस्तर लिहिलं आणि वाक्य बदलून मागितलं. बदल लगेच मंजूर झाला. आता आमचे रोबो कुठंही अडले की म्हणतात, ‘समोर काय आहे ते मला कळत नाही. माणूसही असू शकेल. लगेच येऊन बघा.’ आणि तेव्हा ‘नंतर’ हे बटण येतच नाही. साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवून माझं कौतुक केलं. हे शब्द ज्या बाईचे आहेत तिचं नाव कुठंतरी लागावं असं मी उत्तरात लिहिलं. त्यावर कुणी काही लिहिलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

मला चेन्नईला पाठवायचं ठरलं. जायच्या आधी मी हिराबायच्या गावी गेले. दुपारचे तीन वाजले असतील. खाडीचं पाणी ओसरलेलं होतं. ती ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली होती. समोर सुपात सुका जवळा होता, वाळवलेली बारीक कोळंबी, आणि ती डाव्या हातानं तो निवडत होती. जवळ्यातला कचरा, काड्या, शिंपल्याचे बारीक तुकडे एकेक करून बाहेर. उजवा हात मांडीवर पडून होता. वैशालीनं मला बसायला पाट दिला आणि हळूच म्हणाली, “समजतं सगलं त्यांना. बोलता येत न्हाय फक्त. तुमी बोला.” आणि ती आत गेली.

मी बोलले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर संपलं. मी सांगितलं की मला माणसं कमी होणार हे आधीपासून माहीत होतं आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. सांगितलं की त्या दुपारी एकटा जनार्दनच नव्हता. मीही वरून बघत होते. नुसती बघत नव्हते, लोकांना दाखवत होते. ती ऐकत होती. तिचा हात थांबला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग होता की माफी होती की नुसता थकवा होता, हे मी तेव्हापासून पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केला आहे.

मग तिनं डाव्या हातानं सूप माझ्याकडे सरकवलं.

मी पाट पुढं ओढला आणि निवडायला लागले. मला ते नीट येत नव्हतं. जवळा बारीक असतो, त्यातला कचराही त्याच रंगाचा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ओट्यावरचं ऊन भिंतीवर चढलं. वैशाली चहा देऊन गेली, तो निवला. सूप संपत आलं तेव्हा माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी उठले, तिच्या पायांना हात लावला, निघते म्हटलं. तिनं मान वर केली नाही.

गल्लीच्या वळणावर मी मागं वळून बघितलं. हिराबायनं सूप पुन्हा आपल्या पुढ्यात ओढून घेतलं होतं आणि मी निवडलेला जवळा ती पहिल्यापासून निवडत होती.